बँडमधून काढा, पण आधी त्याचं ऐकून तरी घ्या

खर्जातला
मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडने आपला गिटारिस्ट डेव्ह मस्टेनला ११ एप्रिल १९८३ रोजी काढलं. पहिला अल्बम करायला सगळे कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्कला आले होते. सकाळी त्याला झोपेतून उठवलं, तू आता बँडमध्ये नाहीस म्हणून सांगितलं आणि परतीचं तिकीट दिलं. तेही ग्रेहाउंड बसचं, म्हणजे देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळपास चार दिवस. त्याच्या जागी येणाऱ्या कर्क हॅमेटशी बोलणी आधीच झाली होती.

तो प्यायचा, प्यायला की हात उचलायचा, हे त्याने स्वतःच सांगितलंय. त्यामुळे काढलं याबद्दल माझी तक्रार नाही. पण चौघांच्या बँडमध्ये तिघांनी चौथ्याच्या पाठीमागे ठरवायचं आणि त्याला फक्त निकाल कळवायचा, हा अन्याय आहे. त्याला एकदाही बाजू मांडू दिली नाही. इतकी वर्षं झाली तरी मला हे पटत नाही.

हेडबँगर_नाशिक
साफ असहमत. बँड म्हणजे कोर्ट नव्हे. त्याने बँडचा गायक-गिटारिस्ट हेटफिल्डला ठोसा मारला होता. बँडचा आधीचा बेसिस्ट रॉन मॅकगव्हनी, त्याच्या बेस गिटारवर बिअर ओतली होती. अशा माणसाला आधी सांगितलं असतं तर तो शांतपणे बाजू मांडत बसला असता का? हेटफिल्ड आणि ड्रमर उलरिक तेव्हा अवघे १९ वर्षांचे होते. पहिल्यांदाच अल्बमची संधी आलेली, खिशात पैसे नाहीत. रेकॉर्डिंगच्या आधी निर्णय घेतला म्हणून बँड वाचला.

खर्जातला
वयाचा मुद्दा मला उलटाच वाटतो. नवा गिटारिस्ट शोधणं, त्याला बोलावून घेणं, बसचं तिकीट काढणं, एवढं सगळं त्या वयात गुपचूप जमलं. मग आदल्या महिन्यात एकदा समोर बसवून ‘पुन्हा असं झालं तर बाहेर’ एवढं म्हणणं का जमू नये? आणि पीत सगळेच होते. एकाच्या पिण्याचा बँडला त्रास होतो आणि बाकीच्यांच्या पिण्याचा नाही, हेही त्याच तिघांनी ठरवलं. त्यातल्या नव्या बेसिस्टला, क्लिफ बर्टनला, येऊन तर काही महिनेच झाले होते.

सोलापूरची_ड्रमर
मला यापेक्षा बीटल्सचा आधीचा ड्रमर पीट बेस्ट, त्याचं जास्त लागतं. ऑगस्ट १९६० पासून तो बीटल्ससोबत होता, हँबर्गच्या क्लबांत रात्र रात्र वाजवलं. निर्माता जॉर्ज मार्टिनला त्याचं ड्रमिंग आवडलं नव्हतं, पण त्याचं म्हणणं इतकंच होतं की रेकॉर्डिंगला दुसरा ड्रमर घेऊ. बँडमधून काढा असं तो म्हणाला नव्हता. काढायचं बाकीच्या तिघांनी ठरवलं आणि १६ ऑगस्ट १९६२ ला सांगायला मॅनेजर ब्रायन एपस्टाइनला पुढे केलं. तिघांपैकी एकही त्या खोलीत नव्हता.

त्याच्या जागी आलेला रिंगो चांगला ड्रमर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण दोन वर्षं ज्याच्यासोबत एका मंचावर घाम गाळला, त्याला तोंडावर सांगायची हिंमत नसेल तर तो निर्णय घ्यायचा अधिकार तरी कसला? मस्टेनला निदान समोर उभं राहून सांगितलं.

तिसरी_घंटा
तोंडावर सांगणं, आधी ताकीद देणं, हे सगळं मी केलंय. आमच्या एकांकिकेच्या ग्रुपमध्ये एक जण तालमीला यायचाच नाही. त्याला बसवून बोललो, संधी दिली, परत दिली. त्याने तेवढ्या वेळात निम्म्या ग्रुपला आपल्या बाजूला ओढलं आणि शेवटी स्पर्धेआधी सगळेच फुटले. त्यामुळे हेडबँगर यांच्याशी सहमत. लहान गटात ताकीद दिली की दोन तट पडतात, आणि त्याची किंमत ज्यांनी काही चूक केलेली नाही ते मोजतात.

खर्जातला
तिसरी_घंटा, तुमचं म्हणणं पोहोचलं. पण गटाने ठरवलं म्हणजे नक्की कुणी ठरवलं, हेही बघा. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडने ‘द वॉल’ अल्बमच्या वेळी, १९७९ मध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्या रिचर्ड राइटला बाहेर काढलं. बँडमधल्याच रॉजर वॉटर्सने हट्टच धरला की हा जायला हवा, नाहीतर अल्बम अडेल. उरलेल्या दोघांनी, गिल्मोर आणि मेसन यांनी, मान तुकवली. कागदावर बँडचा निर्णय, प्रत्यक्षात एकाचा. नंतरच्या मैफलींना राइट पगारी वादक म्हणून वाजवत राहिला. त्या मैफली तोट्यात गेल्या, तो तोटा बाकीच्या तिघांनी सोसला आणि पैसे मिळाले ते एकट्या राइटला! तरीही स्वतःच्याच बँडमध्ये पगारावर वाजवायला लागणं हा अपमान कुठल्या पैशाने भरून निघेल असं मला वाटत नाही.

हेडबँगर_नाशिक
राइटचं उदाहरण मान्य, तिथे दमदाटीच झाली. पण मेटॅलिकात तिघांचं एकमत होतं. आणि ताकीद दिली की न्याय झाला, असंही नाही. गन्स अँड रोझेस बँडने आपला ड्रमर स्टीव्हन अ‍ॅडलरला व्यसन सोडण्याचा लेखी करार करायला लावला, संधी दिली, तरी १९९० मध्ये काढावंच लागलं. एवढं करूनही तो कोर्टात गेलाच, आणि १९९३ मध्ये २० लाख डॉलरहून जास्त देऊन तडजोड करावी लागली.

सोलापूरची_ड्रमर
मग तेच योग्य नाही का? माणूस नको असेल, पण त्याने घडवलेलं हवं असेल, तर त्याचा वाटा द्यायलाच हवा. पीट बेस्टला १९९५ पर्यंत थांबावं लागलं. ‘अँथॉलॉजी १’ मध्ये त्याने वाजवलेली जुनी रेकॉर्डिंग आली तेव्हा कुठे त्याला मानधन मिळालं.

खर्जातला
मस्टेनच्या बाबतीतही तेच. जाताना त्याने माझी गाणी वापरू नका म्हणून सांगितलं होतं, असं तो म्हणतो. ‘किल एम ऑल’ जुलै १९८३ मध्ये आला, त्यातल्या चार गाण्यांवर सहलेखक म्हणून त्याचं नाव आहे. पुढच्या अल्बमवर आणखी दोन. त्याला बसमध्ये बसवताना त्याची गाणी मात्र ठेवून घेतली.

हेडबँगर_नाशिक
नाव दिलंय, म्हणजे चोरी नाही. त्यातल्या एका गाण्याचं मूळ रूप त्याने नंतर काढलेल्या स्वतःच्या बँडच्या, मेगाडेथच्या, १९८५ च्या पहिल्या अल्बममध्ये घेतलं, त्याला कुणी अडवलं नाही. पण त्याने नको म्हटलं असेल तर विचारायला हवं होतं, एवढं मी मान्य करतो. काढण्याच्या पद्धतीबद्दल माझं मत तेच आहे. त्या आठवड्यात त्यांच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता.