"ती ओरडली का नाही?" याला उत्तर काय द्यावं?

सायली_न
घरच्या ग्रुपवर कालपासून एका बातमीवरून रामायण चाललंय. मुलीने बलात्काराची तक्रार दिली, आरोपी ओळखीचा. आमच्या आत्या, स्वतः शिक्षिका, लिहितात, "तोंड नव्हतं का तिला? ओरडायचं होतं." काकांचं ठरलेलं, एवढ्या रात्री गेलीच कशाला. सगळ्यात कडक बोलणाऱ्या बायकाच आहेत. नातं तोडायचं नाहीये, पण गप्पही बसवत नाही. आत्यांना पटेल असं काही आहे का?

उडाणटप्पू
ग्रुप म्यूट. सुखी राहा.

स्पष्टवक्ता
राग मानू नका, पण काळजी घ्या सांगणं म्हणजे दोष देणं नव्हे. दाराला कुलूप लावतोच ना आपण?

कोर्टाची_पायरी
कुलपाची गोष्ट चोरीच्या आधीची. चोरी झाल्यावर पोलीस चोराला शोधतात, कुलूप कुठल्या कंपनीचं होतं यावर घरमालकाला झापत नाहीत. असो.

मी फौजदारी वकिली करते. आत्यांचा प्रश्न उलटतपासणीत कायमचाच: आरडाओरडा केला का, शेजारचं घर किती फुटांवर, दाराला आतून कडी होती का. एका मुलीने पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरून एवढंच सांगितलं, "आवाजच फुटला नाही." जबाबात उतरलं, 'मी आरडाओरडा केला नाही.' आमच्या हरकतीनंतर ते दुरुस्त झालं.

आवाज न फुटणं तिच्या हातात नसतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या अभ्यासात, बलात्कारानंतर स्टॉकहोमच्या केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांपैकी ७० टक्के जणींचं शरीर त्या वेळी लक्षणीय प्रमाणात थिजलं होतं.

आणि आत्या एकट्या नाहीत हो. १९७२ चं मथुरा प्रकरण आठवा. मथुरा नावाची आदिवासी मुलगी, देसाईगंजचं पोलीस ठाणं, आरोपी पोलीसच. हायकोर्टाने दोषी ठरवलेल्या दोघांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकाराची गोष्ट खोटी, असा तर्क. चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, मोर्चे निघाले, १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ पासून तर बलात्काराच्या कलमातच आहे की शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती धरता येणार नाही. नव्या न्याय संहितेतही ते कायम आहे. कायद्याला इथवर यायला चाळीस वर्षं लागली, आत्यांना एका रात्रीत पटेल अशी आशा धरू नका.

सायली_न
पण बायकाच एवढ्या कडक का?

कोर्टाची_पायरी
माझ्या मते भीती. 'ती चुकली' म्हटलं की 'मी तशी चुकत नाही, मला काही होणार नाही' अशी मनाची समजूत घालता येते. लर्नर आणि सिमन्स या मानसशास्त्रज्ञांचा १९६६ चा प्रयोग आहे. एका मुलीला विजेचे झटके बसताहेत असं बघणाऱ्या तरुणींना भासवलं होतं. ज्यांना तिचे झटके थांबवता येत नव्हते, त्यांनी तिलाच जास्त नावं ठेवली!

म्हणून ग्रुपवर कोंडीत पकडू नका, चारचौघांत कुणी माघार घेत नाही. फोन करा. शाळेतली एखादी मुलगी असं काही सांगायला आली तर पहिलं वाक्य काय बोलाल, एवढंच विचारा.

सायली_न
आणि "तिला आधी विचारेन, तू तिथे गेलीस कशाला" असं म्हणाल्या तर?

कोर्टाची_पायरी
मग विचारा, त्यानंतर ती पुढचं सांगेल का.