मदत हवी आहे : जर्मन कंपनीच्या हिशेबासाठी नाशिकमधले सीए

नमस्कार मंडळी. एका जर्मन कंपनीने अंबड एमआयडीसीत नुकतीच शंभर टक्के मालकीची प्रायव्हेट लिमिटेड काढली आहे. हिशेब माझ्याकडे आलेत. रोजचं जीएसटी, टीडीएस मी सांभाळतो, पण शेअर वाटपापासून 30 दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर (परदेशी गुंतवणूकदाराला शेअर दिल्याची माहिती देणारा फॉर्म) भरायचा असतो आणि त्यातले 19 दिवस गेलेसुद्धा! आधीच्या सल्लागाराने हे सांगितलंच नाही, याचा फार राग येतो. शिवाय मूळ कंपनी दरमहा तांत्रिक सेवेचं बिल पाठवणार, म्हणजे परदेशी रकमेवरचा टीडीएस, रिव्हर्स चार्जचा (म्हणजे सेवा घेणाऱ्यानेच भरायचा) जीएसटी आणि ट्रान्सफर प्रायसिंगचा (एकाच समूहातल्या कंपन्यांच्या आपसातल्या व्यवहारांच्या किमतींचा) सीए रिपोर्टही आलाच.

हे काम प्रत्यक्ष केलेले नाशिकचे सीए कुणाला माहीत आहेत का? पुण्या-मुंबईचेही चालतील, पण कागद घेऊन समोर बसता आलं तर फार बरं. कृपया लवकर कळवा.