अ‍ॅम्बॅसेडर मार्क टूचा स्टार्टर: ठाण्यात बुश आणि ब्रशचं काम नीट कोण करतं?

मदत हवी आहे. १४८९ सीसी इंजिन, बेंडिक्सवाला (मोटर फिरली की छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, सरकवून इंजिनच्या फ्लायव्हीलला जोडणारी यंत्रणा) जुना स्टार्टर, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, उतरवून उघडलाय. आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) पोल शूला (भोवतीच्या स्थिर लोखंडी तुकड्यांना) घासल्याच्या चकचकीत खुणा आहेत, म्हणजे शाफ्टला आधार देणारे बुश गेलेत. म्हणूनच मोटर जड फिरत होती. ब्रशही (फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे तुकडे) झिजून ८ मिमीच्या खाली आलेत. त्यातले दोन थेट फील्ड कॉइलला (मोटरच्या स्थिर गुंडाळीला) डाग दिलेले. तिथे साधा सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, तांबं उष्णता ओढून घेतं.

वागळे इस्टेट किंवा तुर्भे एमआयडीसीत सच्छिद्र (छिद्रांत तेल धरून ठेवणाऱ्या) ब्राँझचे बुश मिळतील का? लेथवाले साधा पितळी बुश करून देतो म्हणतात, तो नको. सच्छिद्र बुश २४ तास इंजिन ऑइलमध्ये भिजवून, शाफ्टच्या मापाच्या पॉलिश केलेल्या मँड्रेलवर (दांड्यावर) दाबून बसवायचा. रीमर (भोक मापात कापणारं हत्यार) फिरवला की छिद्रं बुजली.

आर्मेचर ग्राउलरवर (गुंडाळीतला शॉर्ट शोधणाऱ्या उपकरणावर) तपासून कम्युटेटरला (ब्रश घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलाला) लेथवर हलका कट मारणाराही हवा. पट्ट्यांमधला अभ्रक मात्र खाली कापायचा नाही, या स्टार्टरला ते चालत नाही.

बेंडिक्स रॉकेलने धुऊन कोरडंच ठेवणार आहे. ग्रीस लावलं की क्लचची धूळ चिकटून पिनियन अडकतं.

‘नवीन मोटर टाका’ हा सल्ला सोडून बाकी सगळं सांगा!