मदत हवी आहे : सोडवलेल्या कुत्र्यांसाठी जागा आणि पशुवैद्य

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळच्या आमच्या निवाऱ्यात एका बंद वाड्यातून सोडवलेली चाळीसेक कुत्री एकदम आली आहेत. हाडं वर आलेली, कान गोचिडांनी आतून गच्च भरलेले. एकीच्या गळ्यातला पट्टा पार मांसात रुतलाय. उपाशी जिवाला एकदम पोटभर घालता येत नाही, म्हणून उकडलेलं चिकन थोडं थोडं करून देतोय.

खरी धास्ती पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जिवावर उठणाऱ्या, झपाट्याने पसरणाऱ्या विषाणूची. तो साध्या फिनेलने मरत नाही, ब्लीच लागतं, आणि पिल्लं वेगळी ठेवायला जागाच नाही. त्यात पाऊस तोंडावर, म्हणजे लेप्टोची (साचलेल्या घाण पाण्यातून पसरणाऱ्या रोगाची) भीती आलीच.

लांजा, राजापूर, संगमेश्वर भागात कुणाचा रिकामा गोठा महिनाभर मिळेल का? लसीकरणाला येतील असे पशुवैद्य ओळखीत आहेत का? जुनी गोणपाटं, ताडपत्रीही चालेल. मासळी मात्र कृपया आणू नका, काटे घशात अडकतात.