मालकाने वसवलेल्या गावात कामगार खरंच सुखी होता का?

माळावरचा
वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, जन्म १८८२चा. बार्शी लाइट रेल्वेच्या ठेक्यापासून सुरुवात केली आणि पुढे इंदापूर तालुक्यात कळंबला साखर कारखान्याभोवती वालचंदनगर वसवलं. त्याच्याही आधी, १९१०ला, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ निवडुंगाच्या माळावर आपल्या कारखान्यासाठी किर्लोस्करवाडी उभी केली. राहायला घर, पोरांना शाळा, आजारपणाला दवाखाना. त्या काळी आपल्याकडचा गिरणी कामगार चाळीतल्या एका खोलीत अख्खा संसार मांडून बसला होता! माझं म्हणणं सरळ आहे. चादर-टॉवेलच्या कारखानदारांनी एकत्र येऊन आजही अशी वसाहत करावी. शिकलेली पोरं पुण्याला चाललीत, त्यातली निम्मी तरी थांबतील.

पूर्वभाग
साफ विरोध. पगार देणारा आणि छप्पर देणारा एकच असला की कामगार तोंड उघडत नाही. अमेरिकेत शिकागोजवळ जॉर्ज पुलमनने रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कामगारांसाठी असंच देखणं गाव बांधलं होतं. विटांची घरं, बाग, वाचनालय, सगळं. पण घर विकत घेता येत नव्हतं, भाड्यानेच राहायचं. १८९३च्या मंदीत त्याने मजुरी कापली, घरभाडं मात्र एक पैसा कमी केलं नाही. १८९४ला संप पेटला, लष्कर आलं, माणसं मेली. शेवटी १८९८ला तिथल्या न्यायालयाने कंपनीला सांगितलं, कारखान्याला न लागणारी मालमत्ता विकून टाका. घर मालकाचं असलं की संपाच्या दिवशी बायको आधी विचारते, 'आता राहायचं कुठं?' या एका प्रश्नावर किती संप मोडले असतील!

कुंडलरोड
पुलमनच्या पंक्तीला किर्लोस्करवाडी बसवू नका, विनंती आहे. माझं बालपण त्या भागात गेलंय. ज्या रामोशी-मांग माणसांवर सरकारने गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्यांच्यातल्यांना लक्ष्मणरावांनी बोलावून कारखान्याची राखण दिली. ज्याच्याकडे गाव संशयाने बघायचं, त्याच्या हातात किल्ल्या! वाडीत शिवाशीव पाळायची नाही हा त्यांचा दंडक होता. १९१०-२०च्या महाराष्ट्रात कुठल्या गावच्या पाटलाने हे केलं असतं? माणसाला घराइतकीच मान वर करून चालायला जागा लागते, आणि ती तिथे मिळाली. युनियनच्या चष्म्यातून हे दिसत नाही, याचं वाईट वाटतं.

पूर्वभाग
@कुंडलरोड, लक्ष्मणरावांबद्दल आदर आहेच. पण मालक सज्जन निघाला म्हणून पद्धत चांगली ठरत नाही. मालक बदलला, कायदा बदलला, तर काय? वालचंदनगरच्याच पट्ट्यात बघा. १९६१च्या कमाल जमीन धारणा कायद्याने साखर कंपन्यांच्या जमिनी सरकारकडे गेल्या, शेती महामंडळ झालं. मळ्यांवर राबणारी माणसं तिथल्याच चाळींत राहिली. पुढच्या पिढ्यांना राहत्या घरासाठी दोन गुंठे जागा मागत मोर्चे काढावे लागले. वसाहत आदर्श होती ना? मग जागा नावावर का नव्हती?

विडीवालीची लेक
दोघं भांडताय, पण आपल्या सोलापुरातलंच उदाहरण कुणी काढलं नाही. कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत! दहा हजार घरं, विडी कामगार बायकांची. कामगार नेते नरसय्या आडम मास्तर आणि युनियनने वर्षानुवर्षं लढून मिळवली, केंद्र-राज्याचं अनुदान आणि बायकांचे स्वतःचे पैसे घालून. २००६ला चाव्या मिळाल्या. पुढं असंघटित कामगारांच्या रे नगर वसाहतीची तीस हजार घरं, त्यातल्या पंधरा हजारांचा ताबा २०२४च्या जानेवारीत दिला. यात कारखानदाराची मेहरबानी कुठं आहे?

माझी आई भाड्याच्या खोलीत विड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. पाऊस आला की छत गळायचं; आई आधी पानांवर प्लास्टिक टाकायची, मग आमच्यावर. कारण पानं खराब झाली की विडी छाटात, म्हणजे नापास मालात, जायची आणि मजुरी बुडायची. स्वतःच्या घरात आल्यावर पहिल्या पावसात तिनं सूप जागचं हलवलं नाही. घरमालकाचं बोलणं बंद, दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवणं बंद. कारखान्याच्या मालकानं हेच घर दिलं असतं तर छाटाच्या विडीवरून ती ब्रँचमध्ये, म्हणजे विड्या जमा करायच्या कंपनीच्या केंद्रात, भांडली असती का? ती आजही भांडते.

माळावरचा
ताई, तुमच्या आईंना नमस्कार. पण दुसरी बाजूही मांडतो. कुंभारी शहराबाहेर, अक्कलकोट रस्त्याला. दवाखाना, कॉलेज, दुसरं काम, सगळ्याला शहर गाठायचं. घर नावावर आलं, पण त्याच्याभोवती कारखाना आला नाही. किर्लोस्करवाडीत घरातून निघालेला माणूस चालत कामावर जायचा आणि त्याचा पोरगा त्याच आवारात हुन्नर शिकायचा. युनियन घर मिळवू शकते, रोजगार उभा करायला भांडवलवालाच लागतो. त्यामुळे मालकांना यातून सोडून देऊ नका.

पूर्वभाग
सोडत नाहीच. जमीन त्यांनी द्यावी, बस त्यांनी चालवावी, प्रॉव्हिडंट फंड वेळेवर भरावा. फक्त सातबारा कामगाराच्या नावे हवा आणि नोकरी सुटली तरी घर सुटता कामा नये. एवढं लिहून द्यायला तयार असलेला एक कारखानदार दाखवा, मी स्वतः तुमच्या बाजूने सह्या गोळा करतो.

विडीवालीची लेक
आणि करारावर बाईचं नाव पहिलं घाला. घर पुरुषाच्या नावावर असलं की गहाण पडायला वेळ लागत नाही, हे आमच्या गल्लीनं पाहिलंय.