मदत हवी आहे: दारातल्या पाणपोईचा रांजण पाणी गार करत नाही (नागपूर)

सर्वांना सलाम. उपवासकाळात आम्ही घरचे चौघं रोज थोडे पैसे बाजूला ठेवतो. मागच्या वर्षी ईस्टरनंतर त्यातून फाटकाबाहेर तोटीचा मातीचा रांजण मांडला, अंदाजे ४० लिटरचा. गल्लीत बांधकाम सुरू आहे, मजूर आणि डिलिव्हरीची मुलं थांबून पाणी पितात. आमची मुलं शाळेत जाण्याआधी हौसेनं भरायची. गार पाण्याचा पेला देणं ही काही लहान गोष्ट नाही, हे त्यांना असंच कळावं असं मला मनापासून वाटतं.

पहिले दोन आठवडे पाणी छान गार. मग बाहेरून पांढरा थर चढला, रांजण पाझरेनासा झाला आणि ऐन मे महिन्यात पाणी कोमटच. बोअरचं पाणी भरत होतो, ते जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं आहे. पाझरलेलं पाणी वाळतं म्हणूनच गारवा येतो, तेव्हा छिद्रं बुजली असणार. काथ्यानं घासलं, दोन दिवस उन्हात रिकामा ठेवला, ओलं पोतं गुंडाळलं. फरक थोडाच. साबण लावलेला नाही.

यंदा नळाचं पाणी भरणार, पण ते सकाळी तासभरच येतं. मी नोकरीवर, यजमानांची रात्रपाळी, त्यामुळे नीट धुणं फक्त रविवारी, उपासनेहून आल्यावर. रांजण सावलीत, विटांवर आहे, झाकण घट्ट आहे.

व्हिनेगर किंवा लिंबाच्या पाण्यानं हा थर निघतो का? माती खराब न होता, पाण्याला वास न येता? की जुना सोडून नवाच घ्यावा?