आयरनीला मराठीत काय म्हणाल?

भाची नववीत आहे. इंग्रजीच्या वहीत तिने संज्ञांसमोर मराठी शब्द लिहून ठेवलेत. सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, पर्सनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती, हायपरबोल म्हणजे अतिशयोक्ती. इथवर ठीक. आयरनीपुढे मात्र 'विडंबना' लिहिलंय. मला ते खटकलं, पण दुसरा शब्द सुचेना. व्याजोक्ती चालेल का?

*

'विडंबना' हिंदीतून आलेली दिसते. तिकडे आयरनीला तोच शब्द रूढ आहे. मराठीत विडंबन म्हटलं की एखाद्या गंभीर कवितेची केलेली थट्टेखोर नक्कल आठवते, म्हणजे पॅरडी. खोडायला सांगा.

व्याजोक्तीही नको. खरं कारण लपवून भलतंच पुढे करणं, ही व्याजोक्ती. रडू आलं आणि 'डोळ्यात कचरा गेला' म्हणून सांगितलं, तसं. त्यापेक्षा व्याजस्तुती जवळची: वरून स्तुती, आतून निंदा. शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मध्ये सीझरच्या प्रेताशेजारी उभा राहून अँटनी ब्रूटसला पुन्हा पुन्हा सन्माननीय म्हणतो, आणि दर खेपेला तो शब्द जास्त बोचायला लागतो.

*

व्याजस्तुती फक्त बोलण्यातल्या आयरनीला पुरते, आणि तिथे आपला साधा 'उपरोध'ही चालतो. शाळेत आणखी दोन प्रकार शिकवतात. एक प्रसंगातली: वक्तशीरपणावर व्याख्यान द्यायला आलेला पाहुणाच तासभर उशिरा येतो. याला 'दैवदुर्विलास' म्हणावं तर तो शब्द फार रडका, इथे हसू येतंय. दुसरी नाटकातली: ज्युलिएट औषधाने निपचित पडली आहे हे प्रेक्षकाला ठाऊक, रोमिओला नाही, आणि तो विष पितो. 'नाट्यगत उपरोध' म्हणावं तर तिथे कुणी कुणाला टोमणा मारतच नाहीये.

शब्दाचं मूळ मात्र झकास आहे. ग्रीक सुखात्मिकेत 'एयरॉन' नावाचं एक ठरावीक पात्र असे. असतं त्यापेक्षा कमी कळतं असं दाखवणारं. थोडक्यात, वेड पांघरून पेडगावला जाणारा!

*

सहलीच्या दिवशीच नेमका पाऊस आला, ही आयरनी ना?

*

नाही हो, ते निव्वळ दुर्दैव. सहल हवामान खात्याची असेल तर आयरनी.

*

मूळ प्रश्नात 'इथवर ठीक' म्हटलंय, तिथे माझी थोडी हरकत आहे. रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही हजर लागतात: मुखचंद्र. 'घरातला सूर्य मावळला' म्हटलं आणि वडिलांचं नावही घेतलं नाही, तरी इंग्रजीत तो मेटाफरच. आपल्या साहित्यशास्त्रात मात्र उपमेय असं गिळलं गेलं की ती रूपकातिशयोक्ती, अतिशयोक्तीचा एक प्रकार. म्हणजे मेटाफर रूपकाहून ऐसपैस, आणि अतिशयोक्ती हायपरबोलहून. हायपरबोल म्हणजे नुसतं फुगवून सांगणं. उलट 'जणू', 'गमे', 'भासे' आले की आपण उत्प्रेक्षा म्हणून वेगळं काढतो. इंग्रजी ते बहुधा सिमिलीतच घालून मोकळी होते.

चेतनगुणोक्तीबद्दल तक्रार नाही, ती चपखल बसते. अनुप्रासात जरा जपून. ॲलिटरेशनमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा ध्वनी बघतात, अक्षर नव्हे. 'सिटी' आणि 'कॅट' दोन्ही सी या अक्षराने सुरू होतात, पण जुळत नाहीत. 'सिटी' आणि 'सन' जुळतात. स्पेलिंग बघून उत्तर लिहिणारी मुलं हमखास इथे फसतात.

*

सर्वांचे आभार. आयरनीपुढे तिने आता प्रतिशब्दच लिहिला नाही, तीन प्रकार आणि तीन उदाहरणं लिहिली. पण लगेच नवा प्रश्न: ऑक्सिमोरॉन आणि पॅराडॉक्स, दोन्हीपुढे 'विरोधाभास' कसा?

*

ऑक्सिमोरॉन दोन शब्दांत उरकतो: बोलकं मौन. पॅराडॉक्सला अख्खं विधान लागतं: जितकी घाई करावी तितका उशीर होतो. आपला विरोधाभास अलंकार विधानात असतो, म्हणून तो पॅराडॉक्सला द्या. ऑक्सिमोरॉनला मी वर्गात 'विरोधी शब्दांची जोडी' एवढंच सांगतो, आणि मुलांना ते कळतं.